गणपती नसलेल्या घरातली तुझी मराठी आजी

बाळा,

तुझा प्रश्न मी होता तसा लिहून ठेवलाय : "मराठी लोकांकडे गणपती येतो. आपल्याकडे येत नाही. मग आपण मराठी कसे? आणि आजी दर रविवारी चर्चला जायची, मग ती मराठी होती की ख्रिश्चन?" हे आधी तुला तुझ्या मैत्रिणीने विचारलं, पण मनात काही ठेवून नाही. तिने आजूबाजूला जे पाहिलं, त्यावरून विचारलं. पण उत्तर गाडीत बसल्या बसल्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आजीचं माहेर नगर जिल्ह्यातलं. घर ख्रिस्ती झालं ते तिच्या आजोबांच्याही आधी. त्या भागात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेने एकोणिसाव्या शतकात गावोगाव शाळा काढल्या आणि ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, अशी कितीतरी घरं त्या शाळांत शिकली. आपलं घर त्यांतलंच. हे तुला माहीत असायला हवं आणि मान वर करून सांगताही यायला हवं. लाज वाटायची तर ती पाणी अडवणाऱ्यांना वाटावी.

लग्न होऊन ती मुंबईत लालबागच्या चाळीत आली. आजोबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये, आजी महापालिकेच्या शाळेत. मराठी शिकवायची, म्हणून अख्खी चाळ तिला 'बाई' म्हणायची. नववीच्या पोराने घरात 'आनी-पानी' म्हटलं, तर ती हातातलं काम थांबवून 'ण' म्हणायला लावायची. काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रात बारीक सोन्याचा क्रूस, केसांत अबोली. कुंकू लावत नसे. माझ्या मावश्यांच्या हळदीला जात्याला सुपारी बांधू दिली नाही, पण ओव्या मात्र पहाटेपर्यंत म्हणवून घेतल्या. मुहूर्त कधी पाहिला नाही. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सवड आणि पाहुण्यांना सुट्टी, एवढंच पाहायची.

आजी बाप्टिस्ट होती. बाप्टिस्ट हा ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, तो कसा वेगळा ते आता सांगते. नगरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, तान्ह्या मुलांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात, तसा आजीलाही दिलेला होता. बाप्टिस्ट लोक म्हणतात, विश्वास ज्याचा त्याने स्वतः कबूल करायचा असतो, आईबापांनी नव्हे. म्हणून तान्ह्या बाळाला प्रार्थना करून फक्त देवाला अर्पण करतात आणि मूल मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हा त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. मुंबईत आल्यावर आजी भायखळ्याकडच्या एका लहानशा मराठी बाप्टिस्ट मंडळीत जाऊ लागली, आणि पदरात एक मूल असताना तिने असा बाप्तिस्मा घेतला. सासूबाई संतापल्या. एकदा झालेला बाप्तिस्मा खोटा होता का, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही होतं. कित्येक महिने त्या सुनेशी बोलल्या नाहीत. आजीने वाद घातला नाही आणि पाऊलही मागे घेतलं नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायला त्यांनी हिलाच बोलावलं.

हा धर्म गोऱ्यांचा, असंही तुला कुणी म्हणेल. म्हणून विल्यम कॅरीबद्दल सांगते. आपण राहतो त्याच इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये, हार्वे लेनच्या बाप्टिस्ट मंडळीचा तो पाळक होता. मूळचा जोडे शिवणारा. १७९३ मध्ये तो बंगालला गेला आणि पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इतर भाषांबरोबर मराठीही शिकवू लागला. त्याला मराठी शिकवणारे पंडित होते वैजनाथ शर्मा. त्यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. म्हणजे मराठीच्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांमागे एक बाप्टिस्ट पाळक आणि एक ब्राह्मण पंडित शेजारी शेजारी बसलेले आहेत. आजी हे वर्गात सांगायची आणि वैजनाथ शर्मांचं नाव कधी गाळायची नाही.

तिची भक्तीही मराठीच होती. उपासनेत पेटी, तबला आणि टाळ. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ होती. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला, आणि आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकारामाने बांधलेल्या पुलावरून, असं ते सांगत. आजीच्या उशाशी पवित्र शास्त्र असे आणि फडताळात तुकारामाची गाथा. गाथा ती शाळेसाठी वाचते, असं आम्हाला लहानपणी वाटायचं. पण निवृत्तीनंतरही ती वाचतच होती.

आता गणपती. लालबागची चाळ म्हणजे त्या दहा दिवसांत पाय ठेवायला जागा नाही. आजी आरतीला उभी राहत नसे, प्रसाद घेत नसे. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल बायबलमध्ये पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात जे लिहिलं, ते ती फार मनापासून मानायची. पण हे तिने कुणाच्या मागे केलं नाही. समोरच्या काकूंना पहिल्याच वर्षी घरी जाऊन सांगितलं, की राग मानू नका, मला चालत नाही. काकूंनी एवढंच विचारलं, "नैवेद्य दाखवायच्या आधीचं चालेल?" चालेल, म्हणाली. तेव्हापासून दरवर्षी चतुर्थीला मोदक उकडले, की पहिले बाजूला निघायचे ते बाईंच्या डब्यात, मग देवाचं ताट. काकूंच्या घरच्यांना हे कसं पटलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं. आणि आजी काय करायची? विसर्जनाच्या दिवशी सगळा मजला रिकामा, तर साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, घरातली म्हातारी माणसं तिच्याकडे, आणि मिरवणुकीहून परतणाऱ्यांसाठी पिठलं-भात तयार.

समोरच्या काकूंचे यजमान, आमचे काका, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. संप मिटला असं कुणी कधी जाहीरही केलं नाही. आमच्याकडे दोन पगार चालू होते. आजी पगारातून आधी दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा दहावा भाग, काढून ठेवायची. त्या वर्षी तिने मंडळीच्या वडीलजनांना सांगितलं, की माझा दशमांश यंदा माझ्या मजल्यावर खर्च होईल. कुणी हरकत घेतली नाही. रेशनचे तांदूळ, तूरडाळ, मुलांच्या वह्या. देताना काकूंना म्हणायची, "जास्तीचं आणलंय, किडे पडतील." काकूंनाही ते कळत होतं आणि त्या तिला ते म्हणू देत होत्या.

आणि नाताळ! करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे. दिवाळीला चाळीतून आलेलं एकही ताट रिकामं परत जायचं नाही. काकू येऊन चकल्या पाडायच्या, कारण आजीच्या चकलीला काटा येत नसे. दाराबाहेर कंदील असायचा चांदणीचा, आणि त्याच्या काड्या बांधून द्यायची गणेशोत्सव मंडळातलीच मुलं.

घर तिच्या शब्दावर चालायचं. कोणता पुतण्या कोणत्या कॉलेजात, कुणाच्या लग्नाला किती खर्च, आजोबांची सिगारेट कधी सुटणार, सगळं तिच्याकडे. रात्रीच्या प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायची. ज्याने त्या दिवशी तिला दुखावलं, त्याचं नाव आधी. गुरुवारी महिला मंडळाच्या बायकांबरोबर टाटा हॉस्पिटलच्या बाहेर जायची. गावाकडून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे फुटपाथवर राहतात. ही मंडळी पेजेचे डबे घेऊन जायची, आणि कुणी सांगितलं तरच प्रार्थना करायची. ती प्रभूत निजली, तेव्हा शिवडीच्या कबरस्तानात खांदा द्यायला आपल्या मंडळीची माणसं होती तशी चाळीचीही होती. तेविसावं स्तोत्र सुरू झालं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे," आणि मागून काकूंचा आवाज आला. इतक्या वर्षांच्या शेजाराने त्यांनाही ते पाठ झालं होतं.

तुझ्या मैत्रिणीकडे आरती असेल तेव्हा जा. उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का, ते तुझं तू ठरव. फक्त जे ठरवशील ते तिच्या आईला आधी सांग, ताटासमोर गेल्यावर नको.

राहिलं एक. तुझा बाप्तिस्मा का झाला नाही, असं तू मागे विचारलं होतंस. आजीने तुला हातात घेऊन फक्त अर्पणाची प्रार्थना केली. तू कधी मागशील, मागशील की नाही, हे मी ठरवू शकत नाही. आजीने मला एकदाही विचारलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी स्वतः जाऊन सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी परीक्षा होऊ दे, मग पाळकसाहेबांशी बोल."

तुझी,
आई