लेकराला व्हिडिओतली लपलेली जाहिरात कशी ओळखायला शिकवायची

ताई, तुमचा लातूरचा किस्सा वाचला, नऊ वर्षांचं लेकरू रेसिपीचे व्हिडिओ बघून एकाच कंपनीच्या मसाल्यासाठी अन् त्याच कढईसाठी हट्ट करून बसलंय, आणि तुम्ही "ती जाहिरात आहे रे" म्हटलं की म्हणतं, "नाही, ती मावशी तर स्वैपाक करायलीय." त्याचं चूक नाही हो. टीव्हीवर सिरियल थांबते, गाणं वाजतं, साबण दिसतो, म्हणजे जाहिरात आली हे लेकराला कळतं. इथं काही थांबतच नाही, फोडणीतच जाहिरात असते. त्यात सातआठ वर्षांपर्यंतच्या लेकरांना समोरचा आपल्याला काहीतरी विकायलाय हे नीट उमगत नाही, तुमचा आत्ता कुठं त्या वयातून बाहेर पडलाय.

मी परभणीत झेडपीच्या शाळेत शिकवते, तिसरी-चौथीची पोरं हाताखाली असतात. माझं मत सांगते, "ते सगळे खोटं बोलतात" असं लेकराला कधी सांगू नका. एकतर ते खरं नाही, अन् दुसरं म्हणजे त्या मावशीवर त्याचा जीव असतो, तुम्ही तिला खोटारडी म्हटलं की ते तुमचंच ऐकायचं बंद करतं. पैसे घेणं काही पाप नाही, लपवणं वाईट. एवढंच त्याच्या डोक्यात उतरवायचंय.

त्याच्याशेजारी बसून एक व्हिडिओ सोबत बघा, मोबाईल हिसकावून लेक्चर देऊ नका. धपाट्याचाच घ्या. ती बाई काय काय म्हणती ते त्याला नुसतं ऐकायला सांगा. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, लसूण, हिरवी मिरची... कशालाच नाव नाही. मग अचानक तेलाची वेळ आली की कंपनीचं पूर्ण नाव, आडनावासकट! घरात कोणी असं बोलतं का? आपण म्हणतो "तेल आण", फार तर "करडईचं आण". तिथं व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, "पिठाला नाव नाही, मग तेलालाच का?" ज्याला लेबल वाचता येत नाही त्या लेकरालाही हे कानानं पकडता येतं.

दुसरी खूण डोळ्याची. आपल्या घरात तिखट-हळद डब्यात नाहीतर मिसळणाच्या पाळ्यात असते, पाकीट कात्रीनं कापून कधीचं रिकामं झालेलं असतं. व्हिडिओत पाकीट ओट्यावर उभं असतं, तोंड कॅमेऱ्याकडं, अन् ओतताना बाईचं बोट बरोबर नावाच्या खाली असतं, नावावर कधीच येत नाही. आमच्या वर्गातल्या पोरांनी हे एकदा पकडलं की पुढं मला काही सांगायची गरज राहत नाही, तेच ओरडतात, "मॅडम, पाकीट फिरवलं!" थोडा आगाऊपणा होतो हे खरं, चांगल्या साध्या व्हिडिओतबी जाहिरात शोधतात, म्हणून हेपण सांगायचं की नुसतं पाकीट दिसलं म्हणजे पैसे घेतलेच असं नाही, एखादीला तो मसाला खरंच आवडत असेल. आपण शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही.

मग "ही जाहिरात आहे" असं सांगणारं लेबल शोधायला शिकवा. यूट्यूबवर बनवणाऱ्यानं कबूल केलं असेल तर सुरुवातीचे साधारण दहा सेकंद कोपऱ्यात पेड प्रमोशनची, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या प्रचाराची पट्टी येते, तेवढ्यात लेकराचं लक्ष कांद्याकडं असतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे आस्कीनं (ASCI), 2021 साली नियम केले की असं लेबल ठळक पाहिजे, दोन मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ असला तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तेवढा वेळ ते दिसत राहिलं पाहिजे. फुकट मिळालेली कढईसुद्धा यात येते बरं का, नुसते रोख पैसेच नाही. पण आस्कीच्या नियमांत लेबल इंग्रजीत असलं तरी चालतं, म्हणून स्पॉन्सर्ड, पार्टनरशिप, कोलॅबोरेशन हे शब्द देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवा आणि शेजारी ते पडद्यावर जसे दिसतात तसे. खाली डिस्क्रिप्शनमध्ये कूपन कोड किंवा "इथून घ्या" अशी लिंक असली तर बहुतेक वेळा प्रत्येक विक्रीमागं तिला काहीतरी मिळतं, हेपण दाखवा. आणि मावशीचा स्वतःचाच मसाल्याचा ब्रँड असला तर? तोही धंदाच.

त्या मसाल्याचं म्हणाल तर एकदा आणा खुशाल, छोटं पाकीट. घरात येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, असेलच. एका पातेल्यात येसराची आमटी, दुसऱ्यात त्या पाकिटाची, कोणती कुठली ते न सांगता सगळ्यांना वाढा, लेकरालाच मार्क द्यायला लावा. पाकीट जिंकलं तर जिंकू द्या, रडीचा डाव नको. त्याच्याकडून पाकिटामागचे घटकपण वाचून घ्या, सगळ्यात जास्त जे असतं ते पहिलं लिहावं लागतं, मीठ कितव्या नंबरला आहे ते त्यालाच शोधू द्या.

कढई मात्र घेऊ नका, तुमची लोखंडी आहेच की.

तुमच्या तेरा वर्षांच्या मोठ्या लेकीला हे सगळं पोरकट वाटेल. तिला उलटं काम द्या, तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीची पंधरा सेकंदांची जाहिरात मोबाईलवर बनवायची, पण बघणाऱ्याला ती जाहिरात वाटता कामा नये. चटणीचा डबा कुठं ठेवायचा, उजेड कुठून घ्यायचा, भावाला कधी हसवायचं, हे ठरवताना तिला जे समजतं ते आपण सांगून समजत नाही. आणि एखाद्या व्हिडिओत सरळसरळ फसवणूक दिसली, मसाल्यानं शुगर जाते वगैरे, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन तिलाच लावू द्या. सासूबाईंनापण शेजारी बसवा, आमच्याकडं तरी लिंकवरून सगळ्यात जास्त वस्तू आजीच मागवती.