घोड्यावरून पडल्यानंतर मनात बसलेली भीती कशी घालवावी?

आपण लिहिले आहे की, आठ महिन्यांपूर्वी दुडकीवर, म्हणजे चालण्याहून वेगाने धावत असताना घोडा बुजला, आपण पडलात आणि तेव्हापासून रिकिबीत पाय ठेवताच हात कापू लागतात, शिवाय "ग्वाल्हेरच्या मराठ्याला घोड्याची कसली भीती?" असे घरचेच म्हणतात. मीही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो आणि एकेचाळिसाव्या वर्षी असाच पडून गळ्याजवळचे हाड मोडून घेतले होते. घरच्यांना एवढेच सांगा की, ज्या शिंद्यांच्या छावणीवरून आपल्या वस्तीला लष्कर हे नाव पडले, त्यांच्यातले महादजी 1761 मध्ये पानिपतावर पायाला जबर जखम होऊन जन्मभर लंगडत राहिले. पुढे त्यांनी मोठमोठ्या मोहिमा चालवल्या, पण जखम भरायला त्यांनाही वेळ लागलाच असेल.

भीती मनातून काढून टाकण्याच्या प्रयत्नात मी कित्येक महिने घालवले, आणि माझे चुकले ते तिथेच. घाबरलेला स्वार पुढे झुकतो, गुडघे आवळतो, टाचा वर उचलतो, लगाम ताणून धरतो आणि श्वास रोखतो. पायांची पकड घोड्याला "पळ" म्हणून सांगते, लगाम "थांब" म्हणून सांगतो, आणि बिचारे जनावर गोंधळून जाते. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वारांना, या फेरीत शेजारी अचानक छत्री उघडली जाईल, असे सांगितले होते. छत्री उघडलीच नाही, तरीही स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. म्हणून मनाला धाक घालण्यापेक्षा शरीराला सवय लावावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवात जमिनीवरूनच करा. पंधरा दिवस नुसता खरारा करा, घोड्याला हाताने धरून चालवा, थांबवा, मागे सरकवा, आणि त्याचे कान पाहायला शिका. घोड्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. तो कशाला बुजतो हे एकदा कळू लागले की, त्याचे बुजणे अचानक वाटत नाही. त्यानंतर वयस्क, शांत घोड्यावर बसून, उस्तादांच्या हाती लांब दोरी देऊन, फक्त चालीवर, म्हणजे घोडा नुसता चालत असताना, फेऱ्या घ्या. दर काही पावलांनी घोडा थांबवा. तोंडाने मोजत श्वास सोडा, नजर कानांच्या पलीकडे ठेवा, टाचा खाली सोडा. मांड पक्की होते ती पकडीने नव्हे, तर कंबर सैल ठेवल्याने. एका बाजूचा लगाम हळूहळू जवळ घेऊन घोड्याला लहान वर्तुळात वळवत थांबवण्याचा सरावही चालीवरच करून घ्या, कारण माझा आत्मविश्वास खऱ्या अर्थाने परत आला तो "मी याला थांबवू शकतो" हे हातांना कळल्यावरच.

पडताना डोक्याला मार बसला असेल, तर ते शिरस्त्राण वरून धड दिसत असले तरी बदला. यात काटकसर नको. "पडलास की लगेच पुन्हा बस" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. थरथर थांबली नाही त्या दिवशी घोड्याला पाणी दाखवून घरी जावे. मला चालीवरून पुन्हा दुडकीवर यायला अकरा आठवडे लागले, आणि त्या दिवशीही एका हाताने मी आयाळ धरली होती.