धुराड्यातल्या टक्क्यांचा हिशेब

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे लेखक निवृत्त बॉयलर इंजिनिअर आहेत.)

प्रश्न : एक लिटर पेट्रोल तराजूवर जेमतेम पाऊण किलो भरतं. मग ते जाळल्यावर सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हे कसं? आकडा फुगवलाय असं वाटतं.

फुगवलेला नाही. पाऊण किलोतला साधारण ६३० ग्रॅम नुसता कार्बन असतो. जळताना त्याच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचं वजन १२ धरलं तर त्या दोन अणूंचं ३२, एकूण ४४. म्हणजे ६३० ला ४४ ने गुणा आणि १२ ने भागा, २.३ किलो येतात. वाढलेलं वजन तुमच्या टाकीतलं नव्हे, हवेतलं आहे.

आमच्या भट्टीतही हेच चालायचं. साठ टक्के कार्बन असलेला एक टन कोळसा पुरता जळला की धुराड्यातून २.२ टन कार्बन डायऑक्साइड वर जायचा. राखेचा हिशेब आम्ही ट्रॉली मोजून ठेवायचो, कारण ती उचलायला माणसं लागत. हा वायू मात्र आपल्या पायांनी निघून जायचा, म्हणून त्याचं वजन कुणी कधी लिहिलंच नाही.

प्रश्न : हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के आहे. एवढ्याशा वायूने पृथ्वी तापेल? आणि तो इंधनातूनच आला, श्वासातून किंवा ज्वालामुखीतून नाही, हे कशावरून?

हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याला जरा लांबून येतो.

आमच्याकडे ऑर्सॅट नावाचं उपकरण असे. लाकडी पेटी, आत काचेच्या नळ्या. धुराड्यातला १०० मिलिलिटर वायू ओढून घ्यायचा, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून दोन-चार वेळा फिरवायचा आणि किती कमी झाला ते वाचायचं. १३ मिलिलिटर कमी झाला तर कार्बन डायऑक्साइड १३ टक्के. हा आकडा जितका चढा तितका फायरमन हुशार, कारण भट्टीत जादा हवा घुसत नाही, उष्णता वाया जात नाही. पाळी संपताना १४ लिहिता आले की मी खूश! आता त्या आकड्याकडे बघायची नजर बदलली आहे, तो भाग वेगळा.

सांगायचं ते पुढे आहे. भट्टी डिझाइन करताना ज्वाळेतले वायू नळ्यांना किती उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांवाटे, देतील हे काढावं लागतं. त्या गणितात नायट्रोजन आणि ऑक्सिजन शून्य धरतात. वायूंपैकी हिशेबात येतात ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. हॉटेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांचे त्यासाठीचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षं वापरले. जो वायू उष्णतेचं प्रारण सोडतो तो शोषतोही. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये हे शोषण प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागलं. हवेचा ९९ टक्के भाग पृथ्वीकडून परत जाणाऱ्या उष्णतेला जवळजवळ अडवतच नाही. अडवणारे थोडेच आहेत, म्हणून त्यांच्यातली थोडी वाढही जाणवते. औद्योगिक काळाआधी दर दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५च्या आसपास, आता ४२०च्या वर. म्हणजे दीडपट.

आता दुसरा भाग. श्वासातला कार्बन अन्नातून येतो आणि अन्नाने तो अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. घेतला तो परत केला. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा अंश असतो. हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो नावालाही शिल्लक नाही. हवेतला कार्बन-१४ अशा जुन्या कार्बनमुळे पातळ होतोय, हे हान्स सूस यांनी १९५५ मध्येच झाडांच्या लाकडावरून दाखवलं. ज्वालामुखीचा कार्बनही जुनाच, हे खरं. पण जगभरचे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका वायू सोडतात तो आपल्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. आणि जळण्याला ऑक्सिजन लागतो. हवेतला ऑक्सिजनही त्या हिशेबाने किंचित घटताना मोजला गेलाय. श्वास घ्यायला कमी पडेल असं काही नाही, पण पावती म्हणून तो पुरेसा आहे.

आमच्या बिरादरीतल्या एकाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. गाय कॅलेंडर, वाफेवर काम करणारे इंग्रज इंजिनिअर. १९३८ मध्ये त्यांनी १४७ हवामान केंद्रांच्या नोंदी हाताने जुळवल्या आणि इंधनामुळे जग तापतंय असं मांडलं. त्यांना वाटलं, बरंच झालं, पुढचं हिमयुग लांबणीवर पडेल! निष्कर्ष चुकला, मोजमाप नाही.

प्रश्न : झाडं लावून हे भरून निघेल का?

झाडं जरूर लावा. पण तीस कोटी वर्षं जमिनीखाली गप्प असलेला कार्बन तुम्ही बाहेर काढलात आणि तो सांभाळायला काही दशकं जगणाऱ्या, जळू शकणाऱ्या, तोडल्या जाणाऱ्या झाडाकडे दिलात. शिवाय इंधनातून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला निम्मा समुद्र आणि वनस्पती आताही रिचवतातच.

प्रश्न : एवढं सगळं ठाऊक असताना इंधन सुटत का नाही? लोकांची इच्छा नाही म्हणून?

इच्छेला मी फार दोष देत नाही. लोखंडाच्या झोतभट्टीत कोक, म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा, नुसता उष्णतेसाठी नसतो, खनिजातला ऑक्सिजन काढायलाही तोच लागतो. सिमेंटच्या भट्टीत तर खुद्द चुनखडीच वायू सोडते. ही अवघड प्रकरणं. पण बाकीचं बरंच अडतं ते आधी बसवलेल्या यंत्रापाशी.

माझंच सांगतो. आमचा बॉयलर जुना झाला तेव्हा नवा कसला घ्यावा यावर माझं मत मागितलं होतं. मी शेरा मारला : कोळशाचाच. धुराडं उभं होतं, कोळसा वाहणारा पट्टा होता, फायरमन शिकलेले होते, सुटे भाग कोठारात होते. प्रत्येक कारण बरोबर होतं. त्या एका कागदाने पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा कोळसा ठरला, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आणि आम्हाला लागायची वाफ किती? १२० अंशांची. त्यासाठी हजार-बाराशे अंशांची भट्टी पेटवायची, म्हणजे टाचणी ठोकायला घण! एवढ्या तापमानाची उष्णता आज विजेवर चालणारे औद्योगिक हीट पंप, म्हणजे कमी तापमानाची उष्णता ओढून वर चढवणारी यंत्रं, देऊ शकतात. अर्थात वीज कोळशावरची असेल तर फायदा बराच आटतो.

तो बॉयलर अजून चालू आहे. गेल्या महिन्यात तिथल्या तरुण इंजिनिअरचा फोन आला. नळ्या झिजल्यात, सगळ्या बदलल्या की आणखी पंधरा वर्षं निघतील, साहेब तुमचं मत लिहून द्या, म्हणाला. मी त्याच्याकडे वर्षभराच्या वाफेच्या तासातासाच्या नोंदी मागितल्या : किती टन, किती अंश. तीन महिन्यांच्या आल्यात. नऊ यायच्यात.