नाव नंतर, आधी सावली बघ
अरे थारच्या वाळवंटात घर बांधतोयस आणि नाव खेजडीवरून, मस्तच, आपली शमीच ती, 1983 पासून राजस्थानचा राज्यवृक्ष. पण नुसती पाटी लावून काय होणार? भर दुपारी तिच्याखाली बसून बघ एकदा, पानं इतकी बारीक की ऊन चाळणीतून पडल्यासारखं जमिनीवर हलत राहतं, तेच घरात आण ना... पश्चिमेला दगडाची जाळी, जाड भिंती, मधे चौक. मोठ्या काचा अजिबात नको, मी लावल्या होत्या, संध्याकाळपर्यंत खोलीची भट्टी व्हायची. आणि प्लॉटवर जुनी खेजडी असेल तर प्लॅन फिरव, झाडाला हात लावू नको प्लीज, 1730 मधे राजस्थानातल्या खेजडली गावात बिश्नोई समाजाच्या लोकांनी तिच्यासाठी जीव दिलेत रे. नाव 'शमी' एवढंच ठेव.