नातवाला आजोबांचं नाव: पद्धत किती जुनी आणि आज काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा झाला आहे, बारसं तोंडावर आलं आहे. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सासऱ्यांचं ‘दत्तात्रय’ हे नाव हवं आहे, तुमच्या यजमानांना ‘विहान’ आवडलंय. ही पद्धत खरंच सगळ्या घरांत होती की फक्त काही जातींत, असंही तुम्ही विचारलंय. मी आत्या म्हणून चार भाच्यांच्या कानात नाव सांगितलं आहे आणि आमच्या घराण्याची वंशावळ गेली वीस वर्षं जुळवते आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पद्धत जुनी आहे आणि कुण्या एका जातीची नाही. पतंजलींच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या प्राचीन ग्रंथात, मुलाचं नाव कसं असावं हे सांगताना ‘त्रिपुरुषानूकम्’ असा शब्द येतो. म्हणजे बापाच्या मागच्या तीन पुरुषांची आठवण देणारं. त्याला जोडून असंही आहे की ते शत्रूच्या घरात रूढ झालेलं नसावं.

भोसल्यांचं घराणं बघा. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. त्यानंतर 1657 साली झालेल्या मुलाचं नाव महाराजांनी संभाजी ठेवलं. महाराज 1680 मध्ये गेले आणि 1682 मध्ये संभाजीराजांना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजी. हेच पुढे शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. राजाराम महाराजांनी 1696 मध्ये झालेल्या आपल्या मुलाचं नावही शिवाजीच ठेवलं. सख्ख्या चुलत भावांचं एकच नाव, कारण दोघांचे आजोबा एकच.

पेशव्यांकडेही तेच. बाळाजी विश्वनाथ 1720 च्या एप्रिलमध्ये वारले, डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला आणि तो बाळाजी झाला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांत माधवराव, त्यांचे जिवाजीराव, त्यांचे पुन्हा माधवराव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नातवांपैकी एकाचं नाव भीमराव यशवंत. तेव्हा हे ‘अमक्यांचंच’ आहे असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

वरच्या उदाहरणांत आजोबा, काका आधी गेलेले आहेत, हेही बघा. आमच्याकडे आजोबा हयात असताना त्यांचं नाव नातवाला देत नसत, पणजोबांचं देत. आजोबा गेल्यावर जन्मलेल्या नातवाला ‘तेच परत आले’ म्हणून ते नाव मिळे. तुमच्या सासूबाईंचा आग्रह याच भावनेतून येत असणार. तो हट्ट आहे असं मला वाटत नाही.

आता या पद्धतीतली एक गोष्ट आपण विसरलोय. मुलाला सासऱ्याचं नाव दिलं, पण त्याची आई ते उच्चारू शकत नव्हती. माझ्या आजीच्या सासऱ्यांचं नाव गोविंद. बारशाला बाळ पाळण्याखालून देताना बाकीच्या बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत, आजी फक्त गोपाळ म्हणायची. गोविंदविड्याला ती ‘लवंग टोचलेला विडा’ म्हणायची. तिच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कागदावरचं नाव गोविंद. तिने त्यांना जन्मभर ‘बाळ’ म्हटलं, साठी उलटल्यावरसुद्धा. नाना, अण्णा, आप्पा, तात्या, बंडू ही घरातली नावं इतकी उदंड का झाली, त्याचं एक मोठं कारण मला यातच दिसतं. बाळाजी बाजीरावांना इतिहास नानासाहेब म्हणून ओळखतो. टिळकांचं मूळ नाव केशव, पण ‘बाळ’ इतकं रुळलं की स्वाक्षरीतही तेच आलं. म्हणजे जुन्या काळी मुलाला दोन नावं असत: एक पूर्वजांचं, एक आईच्या तोंडचं. आज तुम्हाला सासऱ्यांचं नाव घ्यायची बंदी नाही, पण दोन नावांची सोय मात्र हातात आहे. ती वापरा.

साखळी तुटली कधी? आमच्या वंशावळीत साधारण 1940 च्या पुढे. त्याआधी रामचंद्र गोविंद, मग गोविंद रामचंद्र, मग पुन्हा रामचंद्र गोविंद. जमिनीच्या फेरफारात दोन वेगळी माणसं एकच समजून मी सहा महिने वाया घालवले, शेवटी सनावळीवरून उलगडलं. याच घरात एकदम वसंत, शरद, अरुण दिसू लागतात. मग संजय, सुनील. मग अमोल, मंदार, ओंकार आणि आता अथर्व, आरव. पूर्वी नाव देव्हाऱ्यातून आणि वडिलांच्या वडिलांकडून येई. जेजुरीच्या खंडोबाचा खंडू आणि मल्हारी, जोतिबाचा जोती, नाथांचे मच्छिंद्र आणि गोरख. मूल जगत नसेल तर धोंडू, दगडू. नंतर नाव आईवडिलांच्या आवडीतून येऊ लागलं. रमेश तेंडुलकरांनी 1973 मध्ये धाकट्या मुलाला सचिन हे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून दिलं, हे आपल्याला माहीत आहेच. मला यात काही गैर वाटत नाही, आवडीने दिलेलं नावही प्रेमाचंच.

पण ‘विहान’बद्दल स्पष्ट सांगते. लाटेवरची नावं तारीख सांगतात. माझ्या वर्गात तीन संजय होते, नातवाच्या वर्गात दोन आरव आहेत. दत्तात्रय हे नाव तुमच्या मुलाच्या वर्गात बहुधा एकट्याचंच असेल.

पूर्ण नाव जड वाटत असेल तर दत्ताचीच दुसरी नावं आहेत: श्रीपाद, अवधूत, दिगंबर. यातलं ‘अवधूत’ मला फार आवडतं. त्यात सासऱ्यांचा दत्त राहतो आणि मुलाला त्याचं स्वतःचं नाव मिळतं. सासूबाईंना हे समजावून सांगा, बहुधा पटेल. तरीही त्यांना दत्तात्रयच हवं असेल, तर माझं मत तेच कागदावर लावा आणि घरी विहान म्हणा. उलटं करू नका. घरचं नाव पुढे बदलतं, कागदावरचं राहतं. नक्षत्राच्या अक्षराची चिंता करू नका, हस्त नक्षत्राच्या चरणांत ‘ण’ आणि ‘ठ’ येतात, तिथे पूर्वीपासून लोक जन्मनाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहाराचं वेगळंच ठेवत आलेत.

आणखी एक. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. आमच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव या ओळीत नाही, सुना फक्त ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, म्हणून कडेच्या समासात आहेत. तुमच्या मुलाच्या नावात तुमचं असेल.

जन्मदाखल्यासाठी नाव देण्याआधी सासऱ्यांचे जुने कागद काढून बघा. त्यांनी ‘दत्तात्रय’ लिहिलंय की ‘दत्तात्रेय’? संस्कृतात दत्त आणि आत्रेय मिळून ‘दत्तात्रेय’ होतं, मराठीत ‘दत्तात्रय’ सर्रास चालतं. त्यांच्या सहीत जे असेल तेच घ्या आणि इंग्रजी स्पेलिंगही त्यांच्या पेन्शनच्या पुस्तकातलंच लावा.