भट्टीच्या विटा पहिल्याच जाळात सुटल्या, काय करू?

प्रश्न : दादा, खानापूरजवळ आमची छोटी बेकरी आहे. फायर ब्रिक (जाळ सोसणारी वीट) आणून सिमेंट-वाळूत भट्टी बांधली, दुसऱ्याच दिवशी फुल्ल जाळ लावला, तर फटाफट आवाज येऊन सांधे सुटले की हो. वीट डुप्लिकेट असंल काय?

उत्तर : वीट बिचारी चांगलीच असंल, घात सिमेंटनं केलाय. साधं सिमेंट जाळाजवळच्या चारपाचशे डिग्रीला भुसभुशीत होतंय, त्यामुळं फायर क्लेचा, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मातीचा, मसालाच पाहिजे, तोही ताकासारखा पातळ करून वीट त्यात बुडवायची आणि दाबून बसवायची, सांधा 2-3 मिलिमीटरच, आपले गवंडी सवयीनं बोटभर जाड भरतात तिथंच गंडतंय. दुसरं म्हणजे घाई. ओल आत राहिली की तिची वाफ होऊन फोडते, म्हणून आधी आठवडाभर सुकू द्या, मग रोज थोडी लाकडं, जाळ हळूहळू वाढवत न्या. बेळगावच्या उद्यमबागेतले फाउंड्रीवालेपण नवीन अस्तर असंच तापवतात, तिथं तर बाराशे डिग्रीच्या वर लोखंड वितळतंय. तुमच्या पावाला तीनशे बास, लई जास्त उष्णता सोसणारी महागडी हाय अॅल्युमिना वीट कशाला? हलकी, सच्छिद्र वीट मात्र बाहेरनंच लावा, जाळाच्या तोंडाला ती झिजते. आणि विटा कटरनं कापताना पाणी मारा, ती धूळ छातीला वाईट.