मेजर, त्या पोराचे हातमोजे

पत्र: "ताई, लष्कराच्या इंजिनिअर दळात, बॉम्बे सॅपर्समध्ये, २४ वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. गाव कोरेगाव तालुक्यात. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलो, सहा महिन्यांपूर्वी सेफ्टी सुपरवायझर केलं. सगळे 'मेजर' म्हणतात, पण माझं कुणी ऐकत नाही. मी दिसलो की हेल्मेट डोक्यावर जातं, पाठ वळली की खाली येतं. मागच्या महिन्यात ड्रिल मशिनवरच्या एका पोरानं हातमोजे काढून ठेवले होते, त्याला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून लाइनवरचं कुणी नीट बोलत नाही. परवा पत्र्यावर दाब देणाऱ्या प्रेस मशिनवर एकाच्या बोटाचं टोक गेलं. दोन बटणांतलं एक काडी खोचून महिनाभर दाबून ठेवलेलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. सुरुंग शोधताना सगळ्यात ज्युनिअर पोरगा 'रुको' म्हणाला तरी साहेबासकट सगळे जागच्या जागी थांबायचे. इथं तसं का होत नाही? परत सिक्युरिटीत जाऊ का?"

भाऊ,

परत जाऊ नका. ज्या माणसाला 'मला सोडून सगळ्यांना माहीत होतं' हे वाक्य इतकं लागलं, तो या कामाला हवा आहे.

आधी त्या हातमोज्यांचं बोलू. माझे यजमान सांगलीजवळ कुपवाडला मशीन शॉपमध्ये ३१ वर्षं होते. मोठ्या रेडियल ड्रिल मशिनवर हातमोजे घालून कुणाला उभंच राहू देत नसत. फिरत्या ड्रिलला हातमोज्याचं टोक लागलं की कापड गुंडाळलं जातं आणि त्याच्यामागे बोटं, मग मनगट. त्यांच्या शेजारच्या मशिनवर एकाचं तसं झालं. त्या संध्याकाळी हे घरी आले आणि जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहिले. म्हणून सांगते, तुमचा तो पोरगा बरोबर होता. धातूचा कीस ब्रशनं काढायचा, जॉब (ज्याला भोक पाडायचं तो तुकडा) व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पनं धरायचा आणि ड्रिल फिरत असताना हात उघडे ठेवायचे. हातमोजे धारेचा पत्रा उचलायला, गरम जॉब धरायला. तुमच्या भिंतीवर 'हातमोजे सक्तीचे' असा एकच बोर्ड सगळ्या मशिनींना लावलेला असेल, तर आधी तो उतरवा.

यात तुमचा दोष मोठा नाही. तुम्हाला ड्रिल मशिन कुणी शिकवलं नाही. पण परिणाम बघा. ज्याला आपलं काम ठाऊक होतं तोच सगळ्यांसमोर बोलणी खाऊन गेला. लाइनवरच्या बाकीच्यांनी त्यातून एवढंच घेतलं की मेजरला काही सांगायला जायचं नाही. पुढे प्रेसच्या बटणात काडी गेली, तेव्हा ती बातमी तुमच्यापर्यंत आली नाही.

सुरुंगाच्या पट्ट्यात 'रुको' म्हणणाऱ्या पोराला कुणी विचारत नव्हतं की तू कोण. तो खोटा ठरला तरी त्याला कुणी झापत नव्हतं, कारण पुढच्या वेळी तो गप्प बसला असता. तुम्हाला कारखान्यात आणायची आहे ती हीच गोष्ट. शिट्टी आणि सावधान-विश्राम यांची इथं गरज नाही.

काडी का खोचली, हे विचारलंत का? दोन बटणं अशासाठी असतात की प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर राहावेत. एक बटण अडकवलं की एक हात मोकळा होतो आणि तुकडा लवकर आत जातो. शिफ्टचा आकडा तसाच बसवलेला असणार, किंवा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात, चिकटत असणार. चिकटत असेल तर चुंबकाची काठी किंवा चिमटा द्या, बोट आत जायलाच नको. आणि नीट बनवलेल्या कंट्रोलमध्ये काडी चालतच नाही: दोन्ही बटणं एकाच वेळी दाबावी लागतात, आणि प्रेस पुन्हा खाली येण्याआधी दोन्ही सोडावी लागतात. तुमच्याकडे काडीवर भागलं म्हणजे ते कंट्रोल बदलायला हवं. प्रॉडक्शन मॅनेजरकडे ही मागणी लेखी जाऊ द्या, तारीख घालून. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवणार नाही, आणि पुढचं बोट गेलं तर प्रश्न तुम्हालाच विचारतील.

आता कागदाचं. तुम्ही सुपरवायझर आहात, कायद्यातले सेफ्टी ऑफिसर नाही, हे स्पष्ट ठेवा आणि त्या नावानं कुठे सही करू नका. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम ४०-ब प्रमाणे, १००० किंवा जास्त कामगार असले की हे पद सक्तीचं होतं. कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांच्या २०२० च्या संहितेत ती मर्यादा ५०० वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. म्हणजे जागा वाढणार. पण त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, किंवा विज्ञानाची पदवी, सोबत सुपरवायझरीचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची शासनमान्य पदविका लागते. चार महिन्यांत 'सेफ्टी ऑफिसर' करून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात विचारा. तुमचे सॅपर्समधले ट्रेडचे दाखले कशाला चालतील, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून या. दोन्ही कामं एका आठवड्यात होतील.

त्या नियमांत आणखी एक अट आहे, मला ती फार आवडते: बहुसंख्य कामगारांची भाषा सेफ्टी ऑफिसरला यायला हवी. आता एमआयडीसीत बरीच पोरं बिहार-ओडिशाची असतात. फौजेत तुम्ही २४ वर्षं परराज्यांतल्या पोरांच्या शेजारी झोपलात, त्यांच्या हिंदीत हसलात. पदविका घेऊन आलेल्या साताऱ्याच्या पोराला ते यायला वेळ लागेल.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला, सुट्टी व्हायच्या आधी, ड्रिल मशिनपाशी जा. ज्यांच्यासमोर झापलं होतं त्यांच्याचसमोर सांगा, "त्या दिवशी तू बरोबर होतास, मी चुकलो." मग त्यालाच विचारा, या लाइनवर अजून कुठे काय अडकवून ठेवलंय. जे सांगेल ते वहीत लिहून घ्या आणि कुणाचंही नाव वर कळवू नका. एक तरी गोष्ट त्या आठवड्यात दुरुस्त करून दाखवा, लहान असली तरी चालेल.

पत्रात तुम्ही त्याला नुसतं 'पोर' लिहिलंय. त्याचं नावही विचारून घ्या.

तुमची ताई